परत फिरण्याची शिस्त

२४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे एक प्रचंड जेट विमान सांताक्रूझच्या विमानतळावर उतरावयाचे, ते जुहूच्या विमानतळावर उतरले. जुहूची धावपट्टी लहान विमानांसाठी बांधलेली. तेवढ्या लांबीत त्या विमानाला थांबता येणे शक्यच नव्हते. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. आतल्या कोणाचाही प्राण गेला नाही, हे केवळ सुदैव. त्यापूर्वी एकोणीस वर्षे, १५ जुलै १९५३ रोजी, ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे 'कॉमेट' विमान याच चुकीने जुहूला उतरले होते. दोन्ही विमानतळ एकमेकांच्या अगदी जवळ आणि दोघांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळपास सारखी. त्यामुळे चूक कशी झाली असेल, हे सामान्य माणसालाही समजू शकते. न समजण्याजोगी गोष्ट एवढीच, की मनात संशयाची पाल चुकचुकण्यास जेथे इतकी कारणे असतात तेथे अनुभवी माणसेसुद्धा पुढेच का जातात आणि परत का फिरत नाहीत.

हा प्रश्न मुंबईच्या उपनगरांना नुसता कुतूहलाचा नाही. विमानतळ शहराबाहेर असावा, या हेतूने सांताक्रूझची जागा एके काळी निवडली गेली. पुढे शहरच विमानतळाभोवती वाढले. आज मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला विलेपार्ले आणि सांताक्रूझ आहे, तर दुसऱ्या टोकाला कुर्ला, साकीनाका आणि घाटकोपर आहे. पूर्वेकडून उतरणारी विमाने असल्फ्याच्या टेकडीवरील घरांवरून जातात, तेव्हा त्यांची चाके खालून स्पष्ट दिसतात. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला वाक्य मध्येच थांबवावे लागते आणि विमान गेल्यावर ते पुन्हा सुरू करावे लागते. दिवसाला नऊशेहून अधिक विमाने येथे चढतात-उतरतात, आणि दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकीचाच उपयोग होतो. इतक्या दाटीत वैमानिकाची शिस्त हा त्याच्या खाजगी चारित्र्याचा विषय राहत नाही. ज्यांनी विमानाचे तिकीट कधी काढले नाही, अशा लाखो माणसांच्या डोक्यावरचे छप्पर त्या शिस्तीच्या आधाराने उभे असते.

दिसणारी बेशिस्त

वैमानिकांच्या बेफिकिरीची चर्चा वृत्तपत्रांतून होते ती बहुधा एका ठराविक प्रकारच्या घटनांनंतर. १ जानेवारी २०१८ रोजी जेट एअरवेजचे विमान लंडनहून मुंबईला येत होते. आत तीनशेहून अधिक प्रवासी होते. प्रवासात मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक स्त्री यांचे भांडण झाले, प्रकरण हातघाईवर आले आणि काही काळ दोघेही कॉकपिटच्या बाहेर होते. विमान मुंबईस सुखरूप उतरले, पण ते आकाशात असताना त्याचे सारथ्य कोण करीत होते, हा प्रश्न विचारल्यावाचून कोणाही शहाण्या माणसाला राहवणार नाही. कंपनीने दोघांनाही सेवेतून काढून टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाच्या एका अतिवरिष्ठ वैमानिकाच्या श्वासपरीक्षेत मद्याचा अंश आढळला. दिल्ली-लंडन उड्डाणापूर्वीची ही घटना. हे गृहस्थ त्या वेळी कंपनीच्या उड्डाणविभागाचे संचालक होते. म्हणजे इतरांनी शिस्त पाळावी हे पाहण्याचे कामच त्यांच्याकडे होते. त्यांचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली उड्डाणात एका वैमानिकाने ओळखीच्या महिलेला कॉकपिटमध्ये बसविले. त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी गेला आणि कंपनीला तीस लाख रुपयांचा दंड झाला.

या घटना लाजिरवाण्या आहेत आणि त्यांना झालेली शिक्षा योग्यच आहे. मद्याच्या बाबतीत तर आपले नियम जगातल्या अत्यंत कडक नियमांपैकी आहेत. उड्डाणापूर्वी बारा तास मद्याला स्पर्श नाही. श्वासात त्याचा अंशही सापडता कामा नये. पहिल्या अपराधाला तीन महिने, दुसऱ्याला तीन वर्षे आणि तिसऱ्याला परवानाच रद्द, अशी चढती भाजणी आहे. अशा बेशिस्तीचे एक वैशिष्ट्य असे, की ती डोळ्यांना दिसते, यंत्राने मोजता येते आणि तिला दंड करताना कोणाचेही नुकसान होत नाही. कंपनीला, शासनाला, वृत्तपत्रांना आणि प्रवाशांनाही अशा वेळी संतापणे सोयीचे असते.

परंतु अपघातांचा इतिहास चाळून पाहिला, तर माणसे मारणारी बेशिस्त प्रायः या प्रकारची नसते, असे आढळते. ती शुद्धीवर असलेल्या, अनुभवी आणि बहुधा नेमस्त माणसांच्या हातून घडते. तिला बेफिकिरी हे नाव द्यावे की नाही, याबद्दलही मनात संदेह निर्माण होतो.

तीन विमाने, एक निर्णय

१९ ऑक्टोबर १९८८ रोजी पहाटे इंडियन एअरलाइन्सचे बोइंग-७३७ मुंबईहून अहमदाबादला निघाले. हा प्रवास तासाभराचा. अहमदाबादेस धुके पसरत होते आणि दृश्यमानता कमी होत चालली होती. अशा वेळी नियम असा, की ठरलेल्या किमान उंचीपर्यंत खाली यावे आणि तेथे धावपट्टी दिसली नाही, तर विमान पुन्हा वर न्यावे. दोन्ही वैमानिक धावपट्टी शोधण्यात गुंतले आणि उंचीकडे कोणाचेच लक्ष राहिले नाही. विमान विमानतळाच्या अलीकडेच झाडांवर आदळले. १३५ पैकी १३३ जण गेले. कमी दृश्यमानतेत घालून दिलेली पद्धत दोन्ही वैमानिकांनी पाळली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाची कथा अधिक अस्वस्थ करणारी आहे. तिची चौकशी हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली झाली. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराचसा काळ झोपेत होता. मंगळूरचे रडार बंद असल्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली. ते धावपट्टीच्या मानाने फारच उंचावर होते आणि त्याचा वेगही अधिक होता. सहवैमानिकाने 'गो अराउंड' असे तीनदा सांगितले. उतरणे सोडून पुन्हा वर चला, असा याचा अर्थ. वैमानिक उतरलाच. धावपट्टी संपली, पुढे दरी होती. १५८ माणसे मृत्युमुखी पडली. वाचले ते आठ. सहवैमानिकाने इशारे दिले. पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. सहवैमानिकाला तसा अधिकार केव्हा आणि कितपत आहे, याविषयीच्या सूचना संदिग्ध होत्या, हे त्याचे संभाव्य कारण म्हणून चौकशीने नोंदविले.

दहा वर्षे लोटली. ७ ऑगस्ट २०२० रोजी त्याच कंपनीचे, त्याच जातीचे आणि पुन्हा दुबईहूनच निघालेले विमान कोळिकोडला आले. पाऊस कोसळत होता. पहिला प्रयत्न सोडून देऊन विमान वर गेले, हे नियमानुसारच झाले. दुसऱ्या वेळी विरुद्ध बाजूने, पाठीवर वारा घेऊन ते उतरू लागले. ८,८५८ फूट लांबीच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट मागे टाकल्यावर त्याची चाके टेकली. म्हणजे निम्मी धावपट्टी वापरण्याआधीच संपली होती. याही वेळी सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटले. याही वेळी ते ऐकले गेले नाही, आणि याही वेळी सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण मरण पावले.

या विमानाचे कॅप्टन दीपक साठे हे कोणी उनाड तरुण नव्हते. हवाई दलाच्या प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला मिळणारी मानाची तलवार त्यांनी मिळविली होती. पुढे ते परीक्षक वैमानिक झाले, आणि परीक्षक वैमानिकाचा पेशा म्हणजे शिस्तीची पराकाष्ठाच. असा माणूस त्या रात्री परत का फिरला नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधणे म्हणजे शोध अर्ध्यावर सोडणे होय. चौकशी अहवालाने कार्यपद्धतीचे पालन न झाल्याचा दोष स्पष्टपणे नोंदविला. परंतु तो तेथेच थांबला नाही. कोळिकोडच्या तळावर कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनकडे होते. विमान अन्यत्र वळवले असते, तर विश्रांतीच्या नियमामुळे त्यांना सकाळी उड्डाण करता आले नसते. मनुष्यबळाच्या सदोष धोरणामुळे ही स्थिती उद्भवली आणि व्यवस्थेतील अशा दोषांचा वाटा दृष्टीआड करता येणार नाही, असे अहवालाने म्हटले आहे.

परत फिरण्याची किंमत

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असते, की प्रत्येक निर्णयाला किंमत असते आणि निर्णय घेणाऱ्याला जी किंमत जाणवते तिच्याप्रमाणे तो वागतो. उतरण्याचा बेत सोडून विमान पुन्हा वर नेले, की कित्येक क्विंटल इंधन जळते. रांगेतली पाळी जाते. दुसऱ्या शहरी जावे लागले, तर दोनशे प्रवाशांच्या राहण्या-जेवण्याची सोय करावी लागते. वैमानिकांचे कामाचे तास संपतात, पर्यायी वैमानिक शोधावे लागतात आणि त्या विमानाच्या दिवसभराच्या पुढल्या सगळ्या फेऱ्या विस्कटतात. हा खर्च निश्चित असतो, ताबडतोब होतो आणि हिशेबाच्या वहीत दिसतो. उलट बाजूस काय असते? पुढे गेले, तर अपघात होईलच असे नाही. शंभरातल्या नव्याण्णव वेळा, किंबहुना हजारातल्या नऊशे नव्याण्णव वेळा विमान कसेबसे सुखरूप टेकते. प्रवासी टाळ्या वाजवितात आणि घरी जातात. जो धोका पत्करला गेला त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या हिशेबात आणखी एक मेख आहे. परत फिरण्याचा खर्च कंपनीला सोसावा लागतो. न फिरण्याचा खर्च, तो कधी उगवलाच, तर प्रवाशांना आणि धावपट्टीच्या टोकाला राहणाऱ्यांना भोगावा लागतो. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची अशी जेथे विभागणी असते, तेथे सावधगिरी नेहमीच कमी पडते. गिरणीच्या धुराबाबत हेच घडते, नदीत सोडलेल्या सांडपाण्याबाबत हेच घडते. विमान वाहतूक याला अपवाद असण्याचे कारण नाही. वैमानिक स्वतः विमानात असतो, त्यालाही मृत्यूचे भय असतेच, असा युक्तिवाद होईल. तो खराही आहे. परंतु आजवर निभावले तसे आजही निभावेल, ही मनुष्यस्वभावातील भूल भयापेक्षा बलवत्तर असते. प्रत्येक वेळी निभावले, की ती थोडी अधिक पक्की होते.

लोकलच्या प्रवाशांना मोटरमनचे उदाहरण चटकन समजेल. लाल सिग्नलपुढे गाडी उभी केली म्हणून मोटरमनला कोणी जाब विचारीत नाही. डब्यातले लोक चरफडतात, घड्याळे पाहतात, पण गाडी का थांबली हे विचारायला कोणी त्याच्या केबिनशी जात नाही. सिग्नल ओलांडला, तर मात्र त्याची नोकरी पणाला लागते. म्हणजे थांबणे स्वस्त आणि न थांबणे महाग अशी तेथे रचना आहे. विमानात लाल दिवा वैमानिकाला स्वतःच्या मनात लावावा लागतो. बहुतेक कंपन्यांच्या नियमपुस्तकांत आज असे लिहिलेले असते, की परत फिरणाऱ्या वैमानिकाला दोष दिला जाणार नाही. पण पुस्तकात लिहिलेले अभय आणि पाळीच्या तक्त्यातून, इंधनाच्या हिशेबातून वा वरिष्ठांच्या कपाळावरील आठीतून मिळणारा संदेश यांत अंतर पडले, तर माणूस आठीच वाचतो. कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे निराळे सांगावयास नको.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हे अंतर साऱ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या थकव्याला आळा घालण्यासाठी केलेले नवे नियम त्या वर्षी दोन टप्प्यांत लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तास करण्यात आली आणि रात्रपाळीत विमान उतरविण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणण्यात आली. नियमांची पूर्वसूचना बराच काळ आधी मिळालेली होती. तरीही देशातील सर्वांत मोठ्या कंपनीजवळ, इंडिगोजवळ, आपल्या वेळापत्रकास पुरतील इतके वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणे रद्द झाली. मुंबई विमानतळावर माणसे सामानावर डोके टेकून झोपली. शेवटी महासंचालनालयाने त्या कंपनीपुरते काही नियम तात्पुरते शिथिल केले. वेळापत्रक आणि विश्रांती यांच्या झगड्यात माघार विश्रांतीला घ्यावी लागली. अडकलेल्या प्रवाशांचा विचार करता दुसरा मार्ग नव्हता, असेही म्हणता येईल. परंतु एखाद्या वैमानिकाने आपल्या सोयीसाठी नियम शिथिल केला, तर त्याला आपण बेशिस्त म्हणतो. कंपनीच्या अपुऱ्या तयारीमुळे नियम शिथिल करावा लागला, तर त्याला अडचण म्हणतो. हा शब्दांचा फरक विचार करण्यासारखा आहे.

धाकट्याचा शब्द

दुसरा प्रश्न सहवैमानिकाचा. मंगळूरला आणि कोळिकोडला धोका ओळखणारा माणूस विमानातच होता. त्याने तो बोलूनही दाखविला. तरी विमान वाचले नाही, कारण त्याच्या शब्दाला वजन नव्हते आणि शब्दापलीकडे जाण्याचे बळ त्याला कोणी दिले नव्हते. जगाला हा धडा २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर मिळाला. दाट धुक्यात केएलएम कंपनीच्या अत्यंत ज्येष्ठ कॅप्टनने परवानगी मिळण्यापूर्वीच विमान धावपट्टीवरून पळविण्यास आरंभ केला. समोरचे विमान धावपट्टीवरून हटले आहे ना, अशी शंका त्याच्या उड्डाण अभियंत्याने विचारली. कॅप्टनने ती झटकून टाकली. दोन जंबो जेट एकमेकांवर आदळून ५८३ माणसे मेली. त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांचे कामाचे तास संपत आले होते आणि निघण्याची घाई त्यामुळेही होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर कॉकपिटमधील माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, कनिष्ठाने कसे टोकावे आणि वरिष्ठाने कसे ऐकावे, याचे शिक्षण जगभर सक्तीचे होत गेले. आपल्याकडेही ते दिले जाते.

परंतु चार दिवसांच्या वर्गाने जन्मभराचे संस्कार पुसले जात नाहीत. वडीलधाऱ्यांपुढे उलट बोलू नये, हे आपल्या घरात शिकविले जाते. गुरुजींची चूक फळ्यावर दिसली, तरी विद्यार्थी गप्प बसतो. साहेबांनी सही केलेल्या कागदावर कारकून शंका काढीत नाही. या नम्रतेला आपण शिस्त म्हणत आलो आहोत. कॉकपिटमध्ये हीच नम्रता प्राणघातक ठरते. तेथे धाकट्याने एकदा सांगावे, दुसऱ्यांदा ठणकावून सांगावे आणि तरीही ऐकले गेले नाही, तर विमान हाती घ्यावे, ही शिस्त आहे. असे करणाऱ्या सहवैमानिकाची दुसऱ्या दिवशी कंपनीत काय अवस्था होते, यावरून त्या कंपनीच्या शिस्तीची परीक्षा करावी. त्याला शाबासकी मिळाली, तर पुढचा सहवैमानिक धजेल. त्याची बदली झाली, तर पुढचा गप्प बसेल.

शिक्षा कोणाला, अभय कोणाला

येथे एक आक्षेप येईल. वैमानिकाला भरघोस पगार मिळतो, समाजात मान मिळतो. त्याची जबाबदारी व्यवस्थेच्या गळ्यात घालून त्याला मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. मद्य घेऊन येणारा, कॉकपिट सोडून भांडणारा, खोट्या गुणपत्रिकेवर परवाना मिळविणारा (अशी प्रकरणे २०११ मध्ये उघडकीस आलीच होती) यांना दयामाया दाखविण्याचे कारण नाही. जाणूनबुजून केलेला नियमभंग आणि प्रामाणिक चूक यांत मात्र भेद केला पाहिजे. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात हवेचा दाब राखणारी कळ चालू करण्याचे राहून गेले. सुमारे तीस प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले आणि विमान मुंबईला परत आणावे लागले. ही चूक गंभीर खरी. पण ती तपासणीच्या यादीतली एक ओळ सुटल्याची चूक होती. अशी ओळ रोज कोठे ना कोठे सुटत असणार आणि बहुतेक वेळा ती वेळीच लक्षातही येत असणार. त्या सुटलेल्या ओळींची माहिती मिळाली, तरच पुढचा अपघात टळेल. ती माहिती देणाऱ्यालाच शिक्षा होणार असेल, तर कोण कशाला तोंड उघडेल? अमेरिकेत १९७६ पासून अशी एक योजना चालू आहे. वैमानिक आपली अनवधानाने झालेली चूक गुप्तपणे कळवू शकतो आणि कळविल्याबद्दल त्याला दंडापासून संरक्षण मिळते. ही माहिती दंड करणाऱ्या खात्याकडे न जाता नासा या संशोधन संस्थेकडे जाते. कबुली घेणारा आणि शिक्षा करणारा एकच असू नये, हे त्यामागील तत्त्व.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या अधीन नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अधीन असतात. रेल्वेने स्वतःच स्वतःची चौकशी करू नये, म्हणून ही व्यवस्था फार पूर्वी मुद्दाम केली गेली. विमानांच्या बाबतीत मात्र चौकशी करणारा विभाग २०१२ मध्ये महासंचालनालयापासून वेगळा झाला खरा, पण आजही तो त्याच मंत्रालयाच्या छपराखाली आहे. रेल्वेला जो न्याय लावला तो विमानाला का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

स्वतंत्र चौकशीची गरज महाराष्ट्राला तरी पटावी. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीच्या टोकाला उशिरा उचलले गेले. टोकापलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेली मालमोटार चालली होती. विमानाचे चाक तिच्यावर आदळले, पुढे ते विजेच्या तारांत सापडले आणि ५५ माणसे मेली. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हा दोष चौकशीत सिद्ध झाला. विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक थांबविण्याची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाने पाळली नाही, हाही दोष सिद्ध झाला. एका अपघाताला दोन कारणे असू शकतात, आणि एकावर बोट ठेवल्याने दुसरे नाहीसे होत नाही. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर प्राथमिक अहवालातील दोन-तीन वाक्ये उचलून दिवंगत वैमानिकांवर निकाल देण्याची जी घाई झाली, ती पाहता या साध्या सत्याचे विस्मरण किती लवकर होते, हे कळते.

खाली राहणाऱ्यांचा हिशेब

२८ जून २०१८ च्या दुपारी घाटकोपर पश्चिमेला जागृतीनगरजवळ एक लहान विमान कोसळले. बऱ्याच काळाच्या दुरुस्तीनंतर चाचणीसाठी ते जुहूहून निघाले होते. दिवस पावसाळी होता. विमानातील दोन वैमानिक आणि दोन अभियंते असे चौघे गेले. पाचवा माणूस रस्त्याने चाललेला एक मजूर होता. वैमानिकाचा निर्णय, कंपनीची घाई, आभाळाची स्थिती, यंत्राची दुरुस्ती यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नव्हता. विमान जेथे पडले ती बांधकामाची जागा होती. आजूबाजूला दाट वस्ती आहे. थोडे इकडेतिकडे झाले असते, तर मृतांची संख्या किती झाली असती, याची कल्पना त्या भागातील रहिवाशांना करावी लागत नाही. ते ती रोज खिडकीतून पाहतात.

वैमानिकाच्या शिस्तीचा विचार या पाचव्या माणसाच्या जागी उभे राहून केला पाहिजे. त्याच्या दृष्टीने वैमानिक किती धाडसी आहे, किती अनुभवी आहे, त्याने वेळापत्रक किती काटेकोरपणे पाळले, याला काहीच महत्त्व नाही. शंका येताच परत फिरण्याची मोकळीक वैमानिकाला होती की नव्हती, एवढेच महत्त्वाचे आहे. ती मोकळीक न वापरणारा वैमानिक दोषी आहेच. ती महाग करून ठेवणारी कंपनी, तिकडे काणाडोळा करणारे शासन आणि पंधरा मिनिटांच्या उशिरासाठी कर्मचाऱ्यांवर आवाज चढविणारा प्रवासी हेही त्या दोषाचे वाटेकरी आहेत. उद्या एखाद्या पावसाळी रात्री मुंबईवर आलेले विमान धावपट्टीच्या तोंडाशी येऊन पुन्हा वर उठले आणि घरी पोचण्यास उशीर झाला, तर त्या विमानातील प्रवाशाने चरफडू नये. आपल्यासाठी आणि खालच्या वस्तीसाठी कोणीतरी आपले कर्तव्य नीट बजावले आहे, एवढे त्याने त्या वेळी मनाशी म्हणावे.